ठेवबाईंचा तीन दिवसांचा मुक्काम

भाद्रपदात गौरींबरोबर लोकांच्या मुदत ठेवीही घरी मुक्कामाला येऊ लागल्या, त्याला यंदा पाच वर्षे झाली. आवाहनाच्या दिवशी दुपारी बँक आपले मागचे दार उघडते. ठेवी एका रांगेत बाहेर पडतात आणि आपापल्या मालकाचा पत्ता विचारीत चालू लागतात. पहिल्या वर्षी थोडी धांदल झाली, कारण त्यांच्या पानावर किती वाढायचे याचा कोणालाच अंदाज नव्हता. पुढे कळले की ठेवी बेताचे जेवतात, चहा बिनसाखरेचा घेतात आणि आपले अंथरूण आपणच घालतात. तेव्हापासून गृहिणींची तक्रार राहिली नाही.

तिसऱ्या वर्षी ठेवींनी एक ठराव केला व तो बँकेच्या फलकावर, सुट्यांच्या यादीशेजारी, लावला. मुक्कामात ठेव आपल्या मालकाला तीन प्रश्न विचारील. उत्तरांनी तिचे समाधान झाल्यास विसर्जनाच्या दिवशी ती बँकेत परत जाईल. न झाल्यास जेथे तिची नीट विचारपूस होते अशा घरी ती कायमची राहायला जाईल, आणि बँकेने नोंदीत तसा बदल करावा. मात्र घर सोडण्यापूर्वी त्याच घरातील इतर माणसांना एकदा विचारून पाहणे तिला बंधनकारक राहील. गावातील एका नामांकित वकिलांनी या ठरावास हरकत घेतली. त्यांची ठेव त्याच वर्षी कोपऱ्यावरच्या फुटाणेवाल्या बाईंकडे निघून गेली, आणि हरकतीचे शुल्क भरण्याइतके पैसे न उरल्यामुळे हरकत आपोआप निकालात निघाली. आमच्या भजनी मंडळाचा पेटीनिधीही त्याच वर्षी गेला. तो सध्या मंडईतल्या एका भाजीवालीकडे सुखात आहे. पेटी आम्ही तिच्याकडूनच भाड्याने आणतो.

ठरावात आणखी एक कलम आहे. प्रश्नोत्तराच्या वेळी पैशात ज्याला काडीचे गम्य नाही असा एक साक्षीदार हजर असावा. हे कलम वाचल्याबरोबर गावाने एकमताने भजनी मंडळाकडे पाहिले. हा आमच्या विरक्तीचा गौरव आहे असे आम्ही समजत होतो. त्या नात्याने त्र्यंबकराव सोवनी यांच्या घरी जे घडले ते आम्ही पाहिलेले आहे.

त्र्यंबकराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय वर्षे एकाहत्तर. गृहस्थ अत्यंत भाविक. पहाटे स्नान, दोन तास पूजा, संध्याकाळी हरिपाठ, आणि पोथीची पारायणे इतकी की पोथीच्या पानांचे कोपरे गोल झालेले. धन मातीसमान मानावे, या संतांच्या शिकवणुकीवर त्यांची इतकी श्रद्धा होती की ते ती दिवसातून तीनदा दुसऱ्यांना सांगत. स्वतःच्या वाट्याला आलेली माती मात्र त्यांनी मुदत ठेवीत घालून पावती लोखंडी कपाटात ठेवली होती, आणि त्या कपाटाच्या किल्लीला जानव्यात जागा दिली होती. ही माती अठरा लाखांची होती. तेरा वर्षांपूर्वी निवृत्तीच्या वेळी मिळालेले सर्व काही तिच्यात होते. तिच्याबाहेर त्यांना दरमहाचे निवृत्तिवेतन आणि बचत खात्यात साचलेले साडेतीन लाखांचे व्याज, एवढाच आधार होता. त्यांच्या पत्नी कुमुदताई यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करावी असे डॉक्टरांनी सांगितले होते. ठेव गेली तर गुडघे राहिले, हे त्या घरात सर्वांना ठाऊक होते.

ठराव झाला त्या वर्षी त्र्यंबकरावांच्या घरी सोयर होते. पुण्याला नातू झाला, गौरी बसल्या नाहीत, आणि ठेवही दारावरूनच परत गेली. नातवाने जन्मतःच आजोबांची एक परीक्षा पुढे ढकलली. परीक्षा एक वर्ष लांबल्यावर विद्यार्थी जेवढा अभ्यास करतो तेवढा त्र्यंबकरावांनी केला.

गेल्या वर्षी आवाहनाला ठेवबाई आल्या. मोहरीच्या रंगाचे लुगडे, नाकावर चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा कुमुदताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"किती वाळलात हो," त्या म्हणाल्या.

ठेवबाईंनी चष्मा पुसला. दरवर्षीच वाळते, असे त्यांनी शांतपणे सांगितले. पोलक्याच्या बाह्या खरोखरच ढगळ झाल्या होत्या.

सोवन्यांच्या घरी गौरी आणण्याची रीत जुनी आहे. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावले काढतात. सवाष्ण गौरीचा मुखवटा हातात घेऊन घरभर फिरते आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचारते, येथे काय आहे? त्यावर घरच्यांनी म्हणायचे, उदंड आहे. हे उत्तर इतर घरी बायका देतात. सोवन्यांकडे ते त्र्यंबकराव देत, कारण त्यांचा आवाज चांगला होता. लग्नाला चव्वेचाळीस वर्षे झाली, आणि चव्वेचाळीस वर्षे त्यांनी स्वयंपाकघर, कोठी, दुभत्याचे कपाट, विहीर यांविषयी न चुकता उदंड आहे असे सांगितले होते. दुभते पंधरा वर्षांपूर्वी बंद झाले होते आणि विहीर बुजवून तेथे न्हाणीघर केले होते, त्याने उत्तरात फरक पडला नाही.

त्या दिवशी ठेवबाई गौरींच्या मागोमाग घरभर हिंडल्या. प्रत्येक "उदंड आहे" नंतर त्या क्षणभर थांबत आणि पिशवीतल्या वहीत काहीतरी लिहीत. लोखंडी कपाटापाशी त्या जरा जास्त वेळ थांबल्या.

दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा नैवेद्य झाला. दुपारी तीन वाजता बाहेरच्या खोलीत प्रश्नांना सुरुवात झाली. त्र्यंबकराव सोवळे नेसूनच बसले होते. समोर ठेवबाई, बाजूला साक्षीदार म्हणून आम्ही. कुमुदताईंना त्यांनी आत जाण्यास सांगितले, कारण पैशाची बोलणी बायकांसमोर होऊ नयेत असा त्यांचा नियम होता. समोर बसलेली ठेवही बाईच आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही, आणि आम्हीही ते आणून दिले नाही. कुमुदताई आत गेल्या आणि दाराआड पाटावर बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना बसायला वेळ लागला. तो आवाज बाहेर ऐकू आला.

"त्र्यंबकराव, माझ्यावर व्याज किती टक्के मिळतं?" ठेवबाईंनी विचारले.

त्र्यंबकरावांनी डोळे मिटले. ओठ हलले. मग चव्वेचाळीस वर्षांच्या सवयीने, खणखणीत आवाजात, ते म्हणाले, "उदंड आहे."

ठेवबाईंनी वहीत लिहिले. साक्षीदाराने हसू नये असे कलम नाही, तरी आम्ही हसलो नाही. कारण हा प्रश्न आम्हाला विचारला असता तर आम्हाला एवढेही सुचले नसते.

दुसरा प्रश्न, ठेव दरवर्षी वाळते का, असा होता. त्र्यंबकराव म्हणाले की ती वाळलेली नाही, आकडा तेरा वर्षे तोच आहे, अठरा लाख म्हणजे अठरा लाख. ठेवबाईंनी समजावून सांगितले. त्या बँकेत आल्या तेव्हा अठरा लाखांत शाळेमागे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि सज्जा असलेले घर येत होते. आज तेवढ्यात सज्जा आणि एक खोली येते, आणि खोलीला दार हवे असेल तर ते वेगळे. महागाई त्यांना दरवर्षी आतून खाते. त्यावर उपाय म्हणजे व्याज त्यांच्याजवळच ठेवायचे, म्हणजे ते वाढते आणि आईला धरून ठेवते. पण त्र्यंबकराव दर तीन महिन्यांनी ते काढून घेत.

"माझी लेकरं तुम्ही काढून नेता," त्या म्हणाल्या. "काही देवळाच्या पायऱ्यांवर तुमच्या नावाच्या फरशा होऊन पडली आहेत. उरलेली बचत खात्यात तीन टक्क्यांवर निजवलीत. निजलेलं मूल वाढतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्र्यंबकराव म्हणाले की पैशाचा एवढा विचार करणे भाविकाला शोभत नाही. ठेवबाईंनी हे वाक्य शब्दशः लिहून घेतले व त्याखाली रेघ ओढली.

तिसरा प्रश्न सोपा होता. पुढच्या महिन्यात मुदत संपते. मग मला कोठे देणार? त्र्यंबकरावांचा चेहरा उजळला, कारण याचे उत्तर त्यांना येत होते. मुकुंदा खळदकर यांच्या सुवर्णकलश योजनेत. दीड वर्षात दामदुप्पट. बचत खात्यातले साडेतीन लाखही त्याच अर्जात लिहिलेले आहेत. पैसे दुप्पट झाले की गुडघ्यांचे होईल, आणि उरलेल्यातून देवळाला संगमरवरी सभामंडप, दर्शनी भागावर नाव.

खळदकरांविषयी येथे सांगणे प्राप्त आहे. ते दोन वर्षांपूर्वी गावात आले आणि पहिल्याच एकादशीला त्यांनी असा काही अभंग म्हटला की मंडळातल्या तिघांच्या डोळ्यांत पाणी आले. ज्याचा वरचा स्वर स्वच्छ लागतो त्याचा व्यवहारही स्वच्छ असतो, असे आमच्या मंडळात पूर्वापार मानले जाते. त्यामुळे त्यांची आणखी चौकशी करण्याचे कारण कोणाला दिसले नाही. योजनेचे कार्यालय कोठे आहे हे विचारणे म्हणजे त्यांच्या भक्तीवर संशय घेणे झाले असते.

"तुमच्या मुलीचं लग्न तुम्हीच ठरवलंत ना?" ठेवबाईंनी विचारले.

"हो. मीच."

"किती चौकशी केलीत?"

त्र्यंबकराव आठवून सांगू लागले. मुलाच्या गावी दोनदा गेलो. त्याच्या कचेरीत जाऊन शिपायाला भेटलो. शेजाऱ्यांकडे चहा घेतला. पत्रिका दोन ज्योतिष्यांना दाखवली. मुलाच्या चुलत्याला दम्याचा विकार होता, तर तो घराण्यातला आहे की नुसता तंबाखूचा, याचा तपास केला.

"आणि मला देताना?"

त्र्यंबकरावांनी जानव्यातली किल्ली चाचपली. मग म्हणाले, "आवाज फार गोड आहे हो त्यांचा."

ठेवबाईंनी वही मिटली. तिन्ही उत्तरे असमाधानकारक असल्याचे त्यांनी साक्षीदाराला सांगितले आणि आमची सही घेतली. उद्या विसर्जनाबरोबर मी निघेन, त्या म्हणाल्या; बचत खात्यातली मुले माझी आहेत, ती माझ्याबरोबर येतील. ठरावाप्रमाणे घरातल्या इतरांना विचारायचे राहिले आहे, तेवढे विचारते.

पुण्याला मुलगा अनिरुद्ध याला फोन लावला. तो कामात होता. मुदत ठेव ही गोष्ट आता कोणी ठेवत नाही असे त्याने सांगितले. त्याने स्वतः कशात पैसे घातले आहेत असे विचारता, त्याचा एक मित्र ते बघतो, असे तो म्हणाला. मित्राचे आडनाव त्याला आठवेना. ठेवबाईंनी आभार मानून फोन परत दिला.

"आणखी कोणी?" त्यांनी विचारले.

त्र्यंबकराव नाही म्हणत होते, तोच दाराआडून पाट सरकल्याचा आवाज आला. कुमुदताई भिंतीला धरून बाहेर आल्या.

"मला विचारा," त्या म्हणाल्या.

त्र्यंबकरावांनी त्यांना सांगितले की तुला यातले काही माहीत नाही. हे खरे होते, कारण त्यांनीच ते माहीत होऊ दिले नव्हते. भाजीला पैसे मागितले तरी कशाला हवेत असे विचारूनच ते देत असत. ठेवबाईंनी पहिला प्रश्न पुन्हा विचारला.

"किती टक्के ते मला ठाऊक नाही," कुमुदताई म्हणाल्या. "पावती दाखवा. वाचून सांगते."

ठेवबाईंनी चष्मा काढला. चार वर्षे आम्ही गावोगाव जातो आहोत, त्या म्हणाल्या, पण माहीत नाही असे म्हणणारे माणूस मला पहिल्यांदा भेटले. बाकी सगळ्यांकडे उदंडच असते.

किल्ली जानव्याला होती आणि जानवे त्र्यंबकरावांच्या गळ्यात होते, त्यामुळे कपाट उघडताना त्यांना वाकून उभे राहावे लागले. पावती बाहेर आली. कुमुदताईंनी हात धुतले, पाटावर बसल्या आणि पोथी वाचतात तशी ती वाचू लागल्या, आधी पुढून, मग मागून. मागच्या बारीक अक्षरांपर्यंत तेरा वर्षांत कोणी गेले नव्हते. ज्या घरात पोथीची इतकी पारायणे झाली त्या घरात या एका पानाचे एकही झाले नव्हते.

दर साडेसहा टक्के निघाला. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना अर्धा टक्का अधिक, त्यासाठी वयाचा दाखला द्यावा, असे मागे छापले होते. दाखला दिलेला नव्हता. कुमुदताईंनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. वर्षाला नऊ हजार, अकरा वर्षे, नव्व्याण्णव हजार.

"एवढी दक्षिणा बँकेला कशाबद्दल दिलीत हो?" त्यांनी विचारले. त्र्यंबकरावांनी सोवळ्याचा काठ सारखा केला.

शेवटच्या ओळीत वारसाचे नाव होते. तेथे त्र्यंबकरावांच्या मातोश्रींचे नाव लिहिलेले होते, आणि मातोश्री वारल्याला नऊ वर्षे झाली होती. पितृपक्षात येऊन त्या पैसे घेऊन जातील अशी त्यांची समजूत असावी.

"मी गेलो असतो तर?" त्र्यंबकराव हळूच म्हणाले. त्या दिवसातला हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

"मग मी दाखल्यांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले असते," कुमुदताई म्हणाल्या. "या गुडघ्यांनी."

दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी सांगितले की गेली तीस वर्षे त्या अकरा बायकांची भिशी चालवतात. सुरुवातीच्या हप्त्यात पायली डाळ येई, आता त्यात फोडणी होते, म्हणून हप्ता दर दोन वर्षांनी वाढवतात. वाळणे म्हणजे तेच असावे. तिसऱ्या प्रश्नाला म्हणाल्या, "खळदकर उद्या येणार आहेत. त्यांचाही कागद वाचीन. मग सांगते."

ठेवबाईंनी निर्णय राखून ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गौरींचे दोरे झाले आणि खळदकर पेढ्यांचा पुडा घेऊन आले. कपाळाला बुक्का, तोंडात नाम. कुमुदताईंनी त्यांना पाट दिला, चहा दिला आणि योजनेचा छापील कागद मागितला, मागची बाजू असलेला. खळदकर गोड हसले.

"वहिनी, कागद कशाला? आपलं सगळं विश्वासावर चालतं."

"बरं झालं," कुमुदताई म्हणाल्या. "मग पैसे दिले असंही तुम्ही विश्वासानंच धरून चाला."

खळदकरांनी चहा अर्धा टाकला. ते हल्ली कोठे भजन करतात हे आम्हाला कळत नाही. आळंदगल्लीतली सात घरे आणि पोलीसही त्याच चौकशीत आहेत.

मूळ नक्षत्रावर गौरींचे विसर्जन झाले. ठेवबाईंनी साक्षीदाराची दुसरी सही घेतली आणि ठेव त्याच घरातील कुमुदिनी त्र्यंबक सोवनी यांच्याकडे राहायला गेल्याची नोंद केली. म्हणजे त्या बाहेरच्या खोलीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. दुपारी दोघी मिळून बँकेत गेल्या. वयाचा दाखला दिला गेला, वारस म्हणून त्र्यंबकरावांचे नाव लागले, आणि व्याज आईजवळच राहू द्यावे अशी सूचना लेखी देण्यात आली. बचत खात्यातल्या मुलांना जागे करण्यात आले. तेरा वर्षे निजल्यामुळे ती जडावलेली होती. आईच्या संमतीने ती दिवाळीनंतर दोन्ही गुडघ्यांच्या कामी लागली.

सभामंडप झाला नाही. देव जुन्याच पत्र्याखाली आहे आणि त्याची काही तक्रार आल्याचे ऐकिवात नाही. कपाटाची किल्ली आता कुमुदताईंच्या कमरेला असते. त्र्यंबकरावांना पैसे लागले की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. कशाला हवेत, असे आतून विचारले जाते, आणि ते सांगतात. गुरुवारी संध्याकाळी हरिपाठानंतर ते पावती वाचतात, दोन्ही बाजूंनी. आम्हीही जाऊन बसतो. पेटीनिधी परत येईल अशी आशा आम्ही धरलेली नाही, पण भाजीवाली बाईंनी भाडे कमी करण्याचे मनावर घेतले आहे.

यंदा आवाहनाला ठेवबाई आल्या. त्यांच्या अंगावर थोडे मांस आले होते, बाह्या बऱ्यापैकी बसत होत्या, आणि कडेवर व्याज होते. कुमुदताईंनी गौरीचा मुखवटा हातात घेतला आणि काठीशिवाय चालत घरभर फिरल्या. स्वयंपाकघरापाशी त्यांनी विचारले, येथे काय आहे? त्र्यंबकराव म्हणाले, "तांदूळ अकरा किलो, डाळ चार, गूळ आणायचा आहे." न्हाणीघरापाशी ते म्हणाले, "विहीर होती. बुजवली." लोखंडी कपाटापाशी आल्यावर त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि त्याच खणखणीत आवाजात वाचले, "एकोणीस लाख एकोणतीस हजार तीनशे सेहेचाळीस. कर भरायचा आहे."

ठेवबाईंनी वही उघडली नाही. कुमुदताईंनी गौरी जागेवर बसवल्या, ठेवबाईंना पाट मांडला आणि पानावर घावन-घाटले वाढले. व्याजाला अजून दात आले नव्हते, म्हणून त्याला नुसते घाटले भरवले.